उसनं भांडण

जुन्या हुबळीतल्या एका बोळात भिंतीवरून माझ्या मामांचा शेजाऱ्याशी दावा चालू होता. भिंत हातभर रुंद, दावा मात्र माझ्यापेक्षा वयानं मोठा. शाळेला सुट्टी असली की मामा मला कोर्टात न्यायचे, कारण कागदांची पिशवी धरायला कुणीतरी लागायचं. मी जायचो तो कॅन्टीनमधल्या गिरमिटासाठी. चिंचगुळात परतलेल्या कांद्यात कालवलेले चुरमुरे, वर पुटाण्याचं पीठ आणि बाजूला मिरची भजी. ज्यानं हे हुबळीत खाल्लंय, त्याला मी कोर्टात का रमायचो हे वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी शेजारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे होते. मामांच्या वकिलांनी उलटतपासणीत त्यांना पार घोळसून काढलं. समोरचे वकील दर दोन प्रश्नांनी हरकत घ्यायला उठत होते. एकदा दोघांचे आवाज इतके चढले की न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि दोघांकडे नुसतं बघितलं. मामा खूश. वकील असावा तर असा!

दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये गेलो, तर तेच दोघे वकील एका टेबलावर. आमच्या वकिलांनी डब्यातली भाकरी मोडून अर्धी समोरच्यांच्या झाकणात ठेवली, त्यांनी शेंगाचटणीचा डबा इकडे सरकवला. दोघं कशावरून तरी मोठ्यानं हसले. मामांचा घास हातातच राहिला. बाजूला कुंदगोळकडचे एक शेतकरी बसले होते, त्यांचाही दुसराच कुठलासा दावा होता. त्यांनी मामांच्या कानाशी लागून विचारलं, ‘नम्म वकीलर अवर कडे होग्यारेनु?’ आपले वकील त्यांच्याकडे गेले की काय? हा प्रश्न मामांना महिनाभर झोपू देईना. शेवटी त्यांनी वकिलांना सरळच विचारलं. वकील म्हणाले, ‘मास्तर, भांडण तुमचं आहे. आम्ही ते तुमच्याकडून उसनं घेतलंय, पाच वाजेपर्यंत. पाचनंतर तुमचं तुम्ही घरी न्या.’

पुढे कधीतरी एकमेकांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकिलांचे इंग्रजी विनोदी प्रेमपट पाहिले, तेव्हा या वाक्याची आठवण झाली. त्या सगळ्या चित्रपटांचा मसाला या एका वाक्यात आहे. दिवसा कोर्टात एकमेकांना फाडून खायचं आणि संध्याकाळी एकाच टेबलावर जेवायचं. प्रेक्षकाला त्याची गंमत वाटते. अशिलाला मात्र धडकी भरते.

इंग्लंडात हा प्रकार जुना. तिथला वकील कोर्टात समोरच्या वकिलाचा उल्लेख ‘माझे विद्वान मित्र’ असा करतो, मग आदल्या मिनिटाला त्याच मित्राचा मुद्दा त्यानं मातीत घातलेला का असेना. साहेबाच्या राज्याबरोबर हा शब्द आपल्या कोर्टांत आला आणि टिकला. १९५७ मध्ये रॉय बोल्टिंग यांनी काढलेल्या ‘ब्रदर्स इन लॉ’ या चित्रपटात दोन तरुण बॅरिस्टर एका घरात राहतात, एकाच मुलीवर जीव टाकतात आणि कोर्टात धडपडत शिकतात. मूळ कादंबरी १९५५ ची. लेखक हेन्री सेसिल म्हणजे प्रत्यक्षात हेन्री सेसिल लिऑन नावाचे न्यायाधीश. त्यामुळे त्यातला विनोद बाहेरून टेहळणी करून लिहिलेला नाही, आतल्या माणसानं लिहिलेला आहे. सिनियर ऐनवेळी निघून जातो आणि नवखा रॉजर न्यायाधीशांपुढे उघडा पडतो, तो प्रसंग आपल्याकडच्या कुठल्याही ज्युनियरला दाखवा. तो हसणार नाही, मान हलवेल.

त्याआधीचा, १९३८ चा ‘द डिव्होर्स ऑफ लेडी एक्स’ मला जास्त आवडतो. लंडनमध्ये धुकं इतकं दाटतं की लोक हॉटेलात अडकून पडतात. लॉरेन्स ऑलिव्हिएनं रंगवलेल्या बॅरिस्टरला आपल्या खोल्यांमध्ये एका अनोळखी तरुणीला आसरा द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी एक उमराव बायकोविरुद्ध घटस्फोटाची केस घेऊन त्याच्याकडेच येतो. बॅरिस्टरची खात्री पटते की कालची बाई हीच, आणि ज्याच्याबरोबर तिचं नाव जोडलं जाणार तो परपुरुष आपणच! ती खरं तर एका न्यायाधीशांची नात असते, पण ती त्याला मुद्दाम घोळात ठेवते. ही भूमिका केली मर्ल ओबेरॉननं. तिचा जन्म मुंबईचा, १९११ चा. ते तिनं आयुष्यभर लपवलं आणि टास्मानियात जन्मल्याचं सांगत राहिली. पडद्यावर वकिलाला खोट्या ओळखीत गुंतवणाऱ्या बाईची पडद्याबाहेरची ओळखही अशी रचलेली होती.

त्या गोष्टीला तेव्हाच्या कायद्याचा आधार होता. इंग्लंडात १९३७ पर्यंत घटस्फोटाला व्यवहारात एकच कारण चालायचं, व्यभिचार. दोघांना नुसतं वेगळं व्हायचं असेल तरी एकाला हॉटेलात जाऊन व्यभिचाराचा देखावा करावा लागे, आणि मोलकरीण साक्षीला येई. खासदार आणि विनोदी लेखक ए. पी. हर्बर्ट यांनी रेटा लावला तेव्हा १९३७ चा कायदा झाला, आणि क्रूरता, तीन वर्षं सोडून जाणं अशी कारणं त्यात आली. चित्रपट लोकांपुढे आला तोवर त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली होती.

धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे इथलं गणित वेगळं. मुंबई प्रांतानं हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्येच केला. देशभरचा हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. म्हणजे हुबळीच्या बाईला जो दरवाजा आठ वर्षं आधी उघडला, तो तुंगभद्रेपलीकडे म्हैसूर संस्थानातल्या तिच्या मावसबहिणीला या कायद्यानं उघडला नव्हता. ज्या जातींत काडीमोडीची रीत आधीपासून होती, त्यांना या दरवाजाचं फारसं अप्रूप नव्हतं. आणि १९५५ च्या कायद्यानंही ती रूढी मोडीत काढली नाही.

आता एक गोष्ट मला नेहमी खटकते. इतकी वर्षं कोर्टकचेरीत मुरलेल्या आपल्या माणसांनी वकिलांच्या जोडीवर नाटक का लिहिलं नाही? अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा बहुतेक खेळ कोर्टात घडतो. १९६२ पासून प्रभाकर पणशीकरांनी ते गाजवलं. त्यातला लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, म्हणजे आमच्याच बाजूचा. पण लखोबा वकील देत नाही, आपला खटला आपणच चालवतो आणि साक्षीदारांची उलटतपासणीही तोच घेतो. तेंडुलकरांच्या १९६७ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये सुखात्मे हे वकील फिर्यादीचेही आहेत आणि बचावाचेही, कारण माणसं कमी पडतात. मराठीतली दोन सर्वांत गाजलेली कोर्टनाटकं, एकात वकीलच नको म्हणणारा आरोपी, दुसऱ्यात दोन्ही बाजूंना मिळून एकच वकील! समोरासमोर दोन वकील उभे राहून त्यांच्यात काही व्हावं, याला जागाच ठेवलेली नाही. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) सरकारी वकील बाई आणि बचावाचा वकील समोरासमोर आहेत. पण कोर्ट सुटलं की ती लोकलनं घरी जाऊन स्वयंपाकाला लागते आणि तो त्याच्या वेगळ्याच जगात जातो. त्यांची भाकरी कधी एका डब्यात येत नाही.

माझा अंदाज असा, की आपण कोर्टाकडे अशिलाच्या बाकावरून बघतो. तिथून दोन वकिलांचं हसणं दगाबाजीसारखंच दिसतं.

आणि दुसरं कारण अगदी सरळ आहे. समोर काळा गाऊन घातलेली बाई असल्याशिवाय ही प्रेमकथा जमायची कशी? १९१३ मध्ये ग्विनेथ बेब या इंग्रज मुलीनं सॉलिसिटर होण्यासाठी दावा लावला, तेव्हा कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात बाई बसत नाही असं वरच्या कोर्टानं सांगितलं. १९१६ मध्ये कलकत्ता हायकोर्टानं रेजिना गुहा यांना जवळपास हेच ऐकवलं. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली. पदवीचा कागद हाती आला तीस वर्षांनी, १९२२ मध्ये. मधल्या काळात, १९१९ मध्ये, इंग्लंडात बायकांना वकिलीची वाट मोकळी करणारा कायदा झाला होता. आपल्याकडे १९२३ मध्ये स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला. त्याच वर्षी मिठन टाटा लंडनहून बॅरिस्टर झाल्या आणि पुढे मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. धारवाडची अपिलं तेव्हा त्याच हायकोर्टात जायची.

पण कायदा झाला म्हणून बार रूममध्ये लगेच खुर्ची मिळते थोडीच. ‘ब्रदर्स इन लॉ’ इंग्लंडचा कायदा होऊन अडतीस वर्षांनी निघाला, तरी त्यात मुलगी प्रेम करून घेण्यापुरती आहे आणि गाऊन दोन्ही पुरुषांच्या अंगावर. मामांच्या दाव्याच्या काळात मी हुबळीच्या कोर्टात एकही वकील बाई पाहिल्याचं आठवत नाही. आज हुबळीतल्या नवनगरात राज्याचं कायदा विद्यापीठ आहे, २००९ पासून. सकाळी त्या बाजूच्या बसमध्ये पांढऱ्या सलवारीवर काळा कोट घडी करून हातावर टाकलेल्या मुली दिसतात. कोट त्या उतरताना घालतात, कारण इथला एप्रिल त्यांच्या सिनियरपेक्षा कडक असतो. गाऊन सुप्रीम कोर्टात आणि हायकोर्टात सक्तीचा, खाली ऐच्छिक. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत कोटालाही सवलत आहे.

आता समजा, यांतल्याच एका मुलीनं आणि तिच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या एका मुलानं लग्न केलं. कायदा काय म्हणतो? बार कौन्सिलच्या नियमांत नातलग न्यायाधीशांपुढे उभं राहायला वकिलाला बंदी आहे, आणि त्या नातलगांच्या यादीत नवरा-बायको आहेत. पण समोरचा वकील नवरा किंवा बायको असू नये, असं स्पष्ट कलम नाही. अडचण निराळ्या जागी आहे. पुराव्याच्या कायद्यात दोन कुलपं आहेत. अशिलानं वकिलाला जे विश्वासानं सांगितलं, ते वकिलानं अशिलाच्या संमतीशिवाय बाहेर काढायचं नाही, वकीलपत्र संपल्यावरही नाही. बेकायदा कामासाठी सल्ला मागितला असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं कुलूप लग्नाचं. लग्न चालू असताना नवरा-बायकोत झालेलं बोलणं, बोलणाऱ्याच्या संमतीशिवाय कोर्टात उघड करता येत नाही. पुढे लग्न मोडलं तरी तेव्हाचं बोलणं बंदच राहतं. अपवाद त्या दोघांच्या आपसातल्या दाव्यांचा, किंवा एकानं दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याचा. १८७२ पासूनची ही दोन्ही कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात नव्या आकड्यांनिशी, १३२ आणि १२८ म्हणून, आली आहेत.

एका छपराखाली ही दोन्ही कुलपं आली की खरी पंचाईत. बायकोच्या टेबलावर उघडी फाइल आहे, नवरा चहा घेऊन येतो आणि ती त्यातलं काहीतरी बोलून जाते. त्याला कोर्टात कुणी ते वदवून घेऊ शकणार नाही. पण अशिलाचं नुकसान तर झालंच, कारण आता नवऱ्याला उद्या कोणता प्रश्न विचारायचा ते कळलं. लग्नाचं कुलूप जोडप्याला वाचवतं, अशिलाला नाही. म्हणून शहाणी माणसं अशी केस घेतच नाहीत, किंवा घरात दोन कपाटं आणि दोन किल्ल्या ठेवतात. पटकथा लिहिणाऱ्यासाठी ते कपाट सोन्याचं आहे.

तशीच उलटतपासणी. कन्नडमध्ये तिला ‘पाटी सवालु’ म्हणतात. बाकी दावा, तकरार, जामीन, शिरस्तेदार हे आमच्या कोर्टातले शब्द मराठी माणसाला दुभाष्याशिवाय कळतात, हा एक अडकतो. आपल्या साक्षीदाराला सरतपासणीत विचारताना उत्तर तोंडात घालता येत नाही. ‘त्या दिवशी काय झालं?’ असंच विचारावं लागतं. समोरच्याच्या साक्षीदाराला मात्र ‘भिंत पडली तेव्हा तुम्ही गावात नव्हता, बरोबर?’ असं सुचवून विचारता येतं, आणि चांगला वकील उलटतपासणीत असेच प्रश्न विचारतो, ज्यांचं उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं. आता हे घरी आणा. ‘आज दिवस कसा गेला?’ ही सरतपासणी. ‘म्हणजे तू सातलाच निघालास आणि दुर्गदबैलच्या बाजारात कुणीतरी भेटलं, बरोबर?’ ही उलटतपासणी. वकिलांच्या संसारात भांडण कुठल्या वाक्याला सुरू होतं, ते या फरकावरून कळावं.

आणि मामांचं काय? त्यांची शंका मोडायला नियमच पुरेसा होता. ज्या पक्षाचा वकील आहे, त्या पक्षाशी दाव्याच्या विषयावर दुसऱ्या वकिलानं थेट बोलायचं नाही. बोलायचं ते त्याच्या वकिलामार्फतच. म्हणजे मामांच्या वकिलांना तडजोडीचा सूर काढायचा असता, तर शेजाऱ्याशी नव्हे, त्या चटणीच्या डब्याशीच काढावा लागला असता. ज्याला कधी एका बाजूनं सल्ला दिला किंवा कागद लिहून दिले, त्याच वादात त्याच्या विरुद्ध उभं राहायचं नाही, हाही नियम आहे. फितुरीची वाट तिथंच बंद होते.

घटस्फोटाच्या वकिलांवर बेतलेल्या चित्रपटांची इथं वेगळीच फजिती होईल. २००४ च्या ‘लॉज ऑफ ॲट्रॅक्शन’मध्ये ब्रिटिश दिग्दर्शक पीटर हॉविट यांनी पिअर्स ब्रॉस्नन आणि ज्युलियन मूर यांना न्यूयॉर्कमधले घटस्फोटाचे वकील केलं. कोर्टात एकमेकांचे वैरी, आणि आयर्लंडमध्ये एका सकाळी उठून बघतात तर लग्न होऊन बसलेलं. आपल्या १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात मात्र पक्षकाराला वकील देण्याचा हक्कच नाही. न्यायाधीशांनी परवानगी दिली तर वकील, नाही तर नवरा-बायकोनं आपलं आपण बोलायचं. समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच कायद्यानं ठरवलंय. संसार मोडायचा असेल तर उसनं भांडण नको, मूळ धनी आणा, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात परवानगी बहुधा मिळते आणि वकील असतातच, हे ज्यानं कुटुंब न्यायालयाचा व्हरांडा पाहिलाय त्याला माहीत आहे.

आता हायकोर्ट धारवाडलाच आहे. शहर सोडून बेळगावच्या रस्त्याला लागलं की बेलूरपाशी ती इमारत लागते. जुलै २००८ मध्ये फिरतं खंडपीठ आलं, ऑगस्ट २०१३ मध्ये ते कायमचं झालं. त्यासाठी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली होती, आणि त्यात तरी दोन्ही बाजूंचे वकील एकाच बाजूला होते. कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं फिरतं खंडपीठ यायला ऑगस्ट २०२५ उजाडला. निपाणीच्या लखोबाला आज अपिलासाठी धारवाडला यावं लागलं असतं, आणि कोल्हापूर घराजवळ असून उपयोग नव्हता. हुबळीचे वकील धारवाडपर्यंत ‘चिगरी’ नावाच्या जलद बसनं बावीस किलोमीटर येतात, पुढे कुणाची तरी गाडी बघतात. मागच्या सीटवर वादी आणि प्रतिवादी या दोघांचेही वकील मांडीवर फाइली घेऊन बसलेले असले तर नवल नाही.

२००८ पूर्वी मात्र रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आणि चारशेहून जास्त किलोमीटर बेंगळुरू. मामांच्या भिंतीचं अपील तिथं पोचलं, तेव्हा पिशवी धरायला मीच होतो. वकील दोघंही त्याच गाडीत, आमच्या पलीकडच्या डब्यात. त्यांचं हसणं मधूनमधून ऐकू यायचं. आमच्या समोरच्या बर्थवर कोण, तर शेजारी! स्टेशनपासून हावेरीपर्यंत दोघांत एक शब्द नाही. मग शेजाऱ्यांनी मामांच्या गुडघ्याकडे बघितलं आणि आपलं पांघरूण उचलून ते वरच्या बर्थवर चढले. मामा काही न बोलता खालच्या बर्थवर आडवे झाले. सकाळी बेंगळुरूला उतरल्यावर दोघांनी दोन वेगळ्या रिक्षा केल्या, एकाच कचेरीला जायला.